फळीवरचा गुलाबी कशात टिकतो?

स्वयंपाकघराच्या फळ्यांवर फिकट गुलाबी रंगाचं काही मांडायचं म्हटलं की घरातून पहिला आक्षेप ठरलेला असतो: ‘चार महिन्यांत उडून जाईल तो रंग.’ आक्षेप निराधार नाही. खिडकीशेजारी ठेवलेला गुलाबी प्लॅस्टिकचा डबा दोन उन्हाळ्यांत एका बाजूने पांढुरका पडलेला अनेकांनी पाहिलेला असतो. दिवाळीला फळीच्या कडेला नक्षी कातरून लावलेला गुलाबी पतंगी कागद तर ओला हात लागताच रंग सोडतो. पण यावरून गुलाबी रंगच मुळात कच्चा, असा जो निष्कर्ष काढला जातो, तो चुकीचा आहे. रंग टिकणार की उडणार, हे तो कशापासून बनला आहे आणि कशात मुरला आहे, यावर ठरतं.

व्हॅन गॉगने मे १८९० मध्ये रंगवलेले गुलाब आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जवळजवळ पांढरे दिसतात. मुळात ते गुलाबी होते. त्यासाठी वापरलेला लाल रंग इओसिन या सेंद्रिय रंजकापासून बनवलेला होता आणि उजेडाने तो फिका पडत गेला. याच्या उलट उदाहरण चिनी मातीचं. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात चीनमध्ये, आणि १७५७च्या सुमारास फ्रान्समधल्या सेव्रच्या कारखान्यात, भांड्यांवर जो गुलाबी चढवला गेला, तो संग्रहालयांत आजही ताजा दिसतो. या गुलाबीच्या मुळाशी चक्क सोनं आहे. सोन्याचे अतिसूक्ष्म कण काचेत किंवा मिन्यात विखुरले, की डोळ्यांना पिवळा रंग न दिसता लाल-गुलाबी दिसतो. हे बारीक विखुरलेल्या सोन्याचंच काम आहे, असं मायकेल फॅरडेने १८५७ मध्ये दाखवून दिलं.

आजच्या कपबशीवर अर्थातच सोनं नसतं. टाइल्स आणि चिनी मातीवरचा बराचसा गुलाबी कथील आणि क्रोमियमच्या, किंवा झिरकॉन आणि लोहाच्या संयुगांतून येतो. हे खनिज रंग भट्टीची प्रचंड उष्णता सोसून बाहेर पडलेले असतात. खिडकीतल्या उन्हाने त्यांचं काही बिघडत नाही. म्हणून फळीवर गुलाबी हवा असेल तर उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्याहून येणाऱ्या झिलईदार वाट्या, बरण्या, कप हा खात्रीचा मार्ग. ही भांडी महाराष्ट्रातल्या प्रदर्शनांतही सहज मिळतात. घेताना एकच पाहावं. नक्षीवरून बोट फिरवल्यावर ती पृष्ठभागाच्या वर आल्यासारखी लागली, तर ती झिलईवर नंतर चिकटवून भाजलेली असण्याची शक्यता जास्त, आणि अशी नक्षी घासणीने झिजते. रंग झिलईच्या आत असेल तर घासणीची भीती नाही.

प्लॅस्टिकच्या डब्यांबाबत आणखी एक पेच आहे. हळदीचा डाग घालवायला डबा उन्हात ठेवतात. उपाय खरा आहे, कारण हळदीतलं कर्क्युमिन प्रकाशात मोडतं. पण तेच ऊन डब्याच्या गुलाबीवरही काम करतं. डाग जातो आणि त्याच्याबरोबर रंगही जातो.

‘फिकट रंग लवकर मळतो’ हा दुसरा समज. मळ फिकट फळीवर जास्त बसतो असं नाही. तिथे तो दिसतो, एवढंच. फोडणीच्या वाफेबरोबर उडणारे तेलाचे कण गडद चॉकलेटी कपाटावरही तितकेच बसतात. तिथे ते महिनोन्‌महिने दिसत नाहीत आणि तोपर्यंत घट्ट होतात. सूर्यफूल, करडई यांसारखी तेलं हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून चिकट आणि मग कडक होत जातात. करडईचं तेल तर चित्रकारांच्या तैलरंगांतही वापरलं जातं, ते याच गुणामुळे. ताजा थर कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने सहज निघतो. जुना थर खरवडावा लागतो. मळ वेळेवर दाखवणारा रंग स्वयंपाकघरात सोयीचाच म्हणायला हवा. खरा फरक पडतो तो पृष्ठभागाने. गुळगुळीत झिलई पुसली जाते. क्रोशाची झालर, खडबडीत मॅट रंग आणि कापडी फुलं तेल धरून ठेवतात. शेगडीच्या वरच्या फळीवर क्रोशाकाम लावणं म्हणजे ते दर आठवड्याला धुण्याची तयारी ठेवणं. अशी झालर शेगडीपासून लांबच्या भिंतीवर शोभते आणि टिकतेही.

अशा कापडी झालरीवर हळद सांडली आणि साबण लागताच डाग लालभडक झाला, तर घाबरून जाऊ नये. कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं. लिंबू पिळलं की ते पुन्हा पिवळं होतं.

आता सर्वांत हट्टी समजाकडे. गुलाबी हा मुलींचा रंग, म्हणून तो स्वयंपाकघरात आणला की घर ‘बायकी’ किंवा बालिश दिसतं, असं अनेक घरांत अजूनही म्हटलं जातं. कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीवर चैत्रात जोतिबाची यात्रा भरते, तेव्हा सासनकाठ्या नाचवणारे पुरुष डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी गुलालात माखलेले असतात. लग्नात गुलाबी फेटे बांधून मिरवणाऱ्या वऱ्हाडाला कोणी बायकी म्हणत नाही. अमेरिकेतही हा नियम जुना नाही. १९१८ मध्ये तिथल्या बालकांच्या कपड्यांच्या एका व्यापारी नियतकालिकाने गुलाबी मुलांसाठी आणि निळा मुलींसाठी सुचवला होता. जानेवारी १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या शपथविधीनंतरच्या नृत्यसमारंभात त्यांची पत्नी मॅमी यांनी फिकट गुलाबी गाऊन घातला. त्यांच्या आवडीचा गुलाबी त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला आणि त्या दशकात अमेरिकी घरांच्या न्हाणीघरांत आणि स्वयंपाकघरांत तो पसरला. गृहिणी आणि गुलाबी यांची आज स्वाभाविक वाटणारी सांगड मोठ्या प्रमाणात त्या काळच्या बाजाराने घातलेली आहे. भाजी चिरणाऱ्या हाताला रंगाचं वावडं नसतं, मग तो हात कोणाचाही असो.

गुलाबी सजावट महागच पडते, हेही खरं नाही. १९२९ नंतरच्या मंदीत अमेरिकेत यंत्रावर साच्यात काढलेली स्वस्त रंगीत काचेची भांडी घराघरांत पोचली. त्यांत गुलाबी हा सर्वाधिक दिसणाऱ्या रंगांपैकी एक होता. ओट्सच्या खोक्यात बक्षीस म्हणूनही ती मिळत.

मराठी मध्यमवर्गीय घरांत मात्र वेगळीच शंका असते. पांढरंशुभ्र मॉड्युलर किचन असेल तरच हा रंग उठून दिसेल. आपल्याकडे ओट्याखाली कडप्प्याच्या फळ्या आणि भिंतीवर स्टीलची मांडणी, तिथे गुलाबी कसा जमणार? खरं तर तिथेच तो जास्त चांगला जमतो. पॅरिसच्या गोबलाँ कारखान्यातल्या रंगशाळेचे प्रमुख मिशेल शेव्रल यांच्याकडे तक्रार आली होती की काळे धागे नीट काळे दिसत नाहीत. त्यांनी तपासलं तर रंगात दोष नव्हता. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारामुळे काळा फिका भासत होता. या निरीक्षणांवर आधारलेला त्यांचा ग्रंथ १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला. रंग शेजाऱ्यानुसार बदलतो, ही गोष्ट फळीवर तंतोतंत लागू पडते. काळसर कडप्प्यावर फिकट गुलाबी वाटी उजळ दिसते. हिरव्या टाइलजवळ किंवा कढीपत्त्याच्या कुंडीशेजारी ती अधिक गुलाबी वाटते. तीच वाटी राणी रंगाच्या डब्याशेजारी ठेवली की विटल्यासारखी दिसते. आणि स्टीलच्या डब्यांच्या रांगेत एक गुलाबी बरणी ठेवली, तर शेजारच्या डब्यांवर तिचं प्रतिबिंब पडतं. त्यामुळे थोडा रंग पुष्कळ भासतो. सगळी फळी गुलाबी करण्याची गरज पडत नाही. तीन-चार वस्तू पुरतात.

दुकानात सुंदर दिसलेला गुलाबी घरी करडा का दिसतो, याचं उत्तर बहुतेकदा दिव्यात असतं. आपल्या स्वयंपाकघरांत ६५०० केल्व्हिनचा निळसर पांढरा एलईडी सर्रास असतो. त्याखाली नाजूक गुलाबी थंड आणि निर्जीव दिसतो. २७०० ते ३००० केल्व्हिनच्या पिवळसर दिव्यात तोच अबोलीकडे झुकतो. फळीखाली ४००० केल्व्हिनच्या आसपासची पट्टी लावली तर भाजीही नीट दिसते आणि रंगही मरत नाही. वस्तू घेण्याआधी दिवा बदलून पाहणं स्वस्तात पडतं.

गुलाबीने मन शांत होतं, हा दावाही समाजमाध्यमांवर फिरत असतो. त्याचा उगम १९७९ मध्ये अमेरिकेतल्या सिएटल इथल्या नौदलाच्या कोठडीत झालेल्या प्रयोगात आहे. तिथल्या भिंतींना लावलेल्या विशिष्ट गुलाबीला ‘बेकर-मिलर पिंक’ असं नाव पडलं. पुढे स्वित्झर्लंडच्या एका तुरुंगात अधिक काटेकोरपणे केलेल्या अभ्यासात असा परिणाम आढळला नाही. रंग आवडतो, हे कारण पुरेसं आहे; त्याला औषधाचा गुण चिकटवू नये.

हीच गोष्ट फळीवर दिमाखात ठेवल्या जाणाऱ्या गुलाबी मिठाची. पाकिस्तानातल्या पंजाबमधल्या खेवड्याच्या खाणीतून येणारं हे सैंधव लोहाच्या ऑक्साइडमुळे गुलाबी दिसतं. बाकी ते जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं आणि इतर खनिजं इतकी थोडी असतात की चिमूटभर मिठातून त्यांचा लाभ होत नाही. त्यात पुरेसं आयोडीन मात्र सहसा नसतं. काचेच्या बरणीत ते फार देखणं दिसतं, त्यामुळे मांडावं जरूर. रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनयुक्त मीठच वापरावं. तिखट आणि हळदीच्या पारदर्शक बरण्या मात्र उजेडाच्या फळीवर नकोत, मग झाकण कितीही सुंदर गुलाबी असो. उजेडाने मसाल्यांचा रंग उतरतो आणि वासही मंदावतो. त्यांच्यासाठी अपारदर्शक चिनी मातीची बरणी घ्यावी.

शेवटी, जुन्या लाकडी फळीला स्वतः रंग देणाऱ्यांसाठी. ‘कोणताही ऑइल पेंट चालतो’ हा समज धोक्याचा आहे. घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, असा नियम भारतात २०१६ मध्ये झाला आणि तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. डब्यावर तसा उल्लेख पाहूनच रंग घ्यावा. फळीवर आधीचा जुना रंग असेल तर तो कोरडा घासू नये. त्याच्या धुळीत शिसं असू शकतं आणि लहान मुलांना त्याचा सर्वाधिक धोका असतो. पृष्ठभाग ओला करूनच घासावा. शोभेसाठी घेतलेल्या जुन्या, झिलईला तडे गेलेल्या गुलाबी बरणीत लोणचं, चिंच किंवा ताक ठेवू नये. झिलईत शिसं असेल तर आंबट पदार्थात ते उतरतं. अशा बरणीत लाकडी चमचे ठेवावेत.