अर्धवट किल्ल्याला जागा हवी

दिवाळीच्या आधी मुलं अंगणात दगडमातीचा किल्ला करतात, तो एका दिवसात पुरा होत नाही. बुरूज ढासळतो, पुन्हा लिंपला जातो. वर पेरलेलं अळीव उगवायला आणखी काही दिवस जातात. दापोली तालुक्यातल्या मुलांना तर नमुना म्हणून हर्णैच्या समुद्रातला सुवर्णदुर्गच समोर असतो. त्या दिवसांत घरातलं कुणीही तो किल्ला केरसुणीने लोटत नाही. मुलांचं अर्धवट काम उद्यापर्यंत जपायचं असतं, हे सगळ्यांनी मान्य केलेलं असतं. दिवाळी सरली की मात्र याचा विसर पडतो. जून ते सप्टेंबर पाऊस मुलांना घरात कोंडतो, ठोकळ्यांची इमारत माजघरात उभी राहते आणि पानं मांडायच्या वेळी मोडावी लागते. ठोकळ्यांसाठी टेबल करायचं ते मुख्यतः यासाठी की आजचं काम उद्याही तिथेच सापडावं. हे कारण नजरेआड झालं की पुढचे गैरसमज तयार होतात.

गैरसमज १ : त्यासाठी खास, महागडं फर्निचर लागतं

वस्तुस्थिती अशी की लागते ती एक सपाट, हलवता येणारी फळी. जर्मनीत फ्रीड्रिक फ्रोबेल यांनी १८३७ साली लहान मुलांसाठी शाळा काढली. पुढे तिलाच बालोद्यान हे नाव मिळालं. तिथल्या टेबलांवर एकेक इंचाच्या चौकटी आखलेल्या असत आणि मुलं त्यांच्या आधाराने लाकडी ठोकळे रचत. महत्त्व होतं आखलेल्या जागेला. आपल्याकडे बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, त्यांतही शिंपले, खडे, बिया आणि पानं हीच साधनं होती. घरातला चौरंग किंवा जुनं बुटकं टेबल याला पुरतं. उंचीसाठी आकड्यांचा तक्ता नको. मूल उभं राहून किंवा मांडी घालून जसं खेळत असेल तसं ठेवून बघावं. फळी त्याच्या वाकवलेल्या कोपराच्या किंचित खाली आली म्हणजे झालं. रुंदी इतकीच असावी की कुठल्याही बाजूने त्याचा हात मध्यापर्यंत पोचेल. मोठ्यांच्या जेवणाच्या टेबलावर मूल खुर्चीत गुडघे टेकून चढतं आणि ओणवं होतं, तेव्हा खेळ त्याचा असला तरी माप मोठ्यांचं असतं.

गैरसमज २ : लेगो विटा बसवायच्या गुंड्यांच्या पाट्या कायमच्या चिकटवल्या की टेबल तयार

असं टेबल एकाच खेळाचं होऊन बसतं. सहा महिन्यांनी मुलाला आगगाडीचे रूळ मांडायचे असतात, शाडूचे बैल करायचे असतात, आणि गुंड्यांवर यातलं काहीच धड बसत नाही. त्यापेक्षा फळी दोन्ही बाजूंनी वापरता येईल अशी करावी. एका अंगाला गुंड्यांच्या पाट्या, दुसरं अंग साफ, आणि कडेने अशी चौकट की ती दोन्ही अंगांना जेमतेम दोन सेंटिमीटर वर यावी. चौकटीमुळे गोट्या आणि चाकं खाली घरंगळत नाहीत, आणि फळी उलटी ठेवली तरी गुंड्या दाबल्या जात नाहीत. लेगो विटेचं पेटंट १९५८ सालचं आहे आणि त्या वेळच्या विटांवर आजची वीट बसते, कारण दोन गुंड्यांच्या मध्यांतलं ८ मिलिमीटर अंतर बदललेलं नाही. म्हणून ३२ गुंड्यांची पाटी साधारण २५.६ सेंटिमीटरची जागा घेते. आडव्या तीन अशा दोन ओळींत मांडलेल्या सहा पाट्यांना चौकटीच्या आत सुमारे ७७ बाय ५१.५ सेंटिमीटर जागा हवी. सुताराला माप सांगण्याआधी पाट्या जमिनीवर मांडाव्यात आणि सांध्यांवर विटा बसवून बघाव्यात. विटा सहज बसल्या की फट बरोबर आहे.

गैरसमज ३ : लाकूड म्हणजे सुरक्षित, प्लॅस्टिक म्हणजे घातक

दोन्हींतला धोका वेगवेगळ्या ठिकाणी असतो. लाकडाचा धोका रंगात असू शकतो. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत ९० पेक्षा जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. माळ्यावरचा जुना रंगीत पाट त्याआधीचा असू शकतो. प्लॅस्टिकच्या तुकड्यांचा धोका आकारात असतो. ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या चाचणी-नळीत मावणारा तुकडा तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नये, असा खेळण्यांच्या सुरक्षेचा दंडक आहे. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, ते पाहूनच घ्यावं. फळीच्या बाबतीत कोकणाचं हवामान लक्षात घ्यायला हवं. दाबलेल्या भुशाची स्वस्त फळी ओल धरून फुगते, अखंड लाकडाची पावसाळ्यात वाकू शकते आणि पाट्यांचं माप चुकतं. आयएस ७१० छापाचं पाणी सोसणारं प्लायवूड इथे जास्त भरवशाचं.

गैरसमज ४ : ठोकळे जितके जास्त, तितका खेळ चांगला

अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात छोट्या मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी दिली गेली. चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि ते जास्त तऱ्हांनी वापरत गेली. म्हणून टेबलावर लागतील तेवढेच ठोकळे ठेवावेत, बाकीचे डब्यात. ठोकळे रचण्याचं कौशल्य आणि लहान वयातलं गणित यांचा संबंध संशोधनात दिसला आहे. पण टेबल आणलं की मूल हुशार होतं, असा त्याचा अर्थ नाही.

यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला, मुलं जमिनीवर मोकळी खेळतात तेच बरं. मोठ्या रचनेसाठी जमीन खरोखरच चांगली; पण केर काढताना तिथलं काहीच उरत नाही. दुसरा, घरात जागा नाही आणि पसारा तसाच ठेवला तर मुलांना आवरायची सवय कशी लागणार? सुटी फळी रचनेसकट उचलून खाटेखाली सरकवता येते, रिकामी असेल तर भिंतीला टेकवून ठेवता येते. आणि सुटे ठोकळे डब्यात भरणं म्हणजे आवरणं; चाललेलं काम मोडणं म्हणजे आवरणं नव्हे. टेबल उद्या होईल, परवा होईल. आज रात्री केर काढण्याआधी मुलाला एवढंच विचारावं, यातलं काय ठेवायचं आहे? आणि तो सांगेल तेवढं खरोखर ठेवावं.