खाजकुइली आणि कंपवात

"डॉक्टर, वडिलांचे हात थरथरतात. गोळीऐवजी खाजकुइलीचे चूर्ण दिले तर चालेल का?" असा प्रश्न सांगवीच्या माझ्या दवाखान्यात वरचेवर विचारला जातो. त्याचे उत्तर आज थोडे सविस्तर देतो.

खाजकुइलीची शेंग गावाकडच्या माणसाला सांगायला नको. तिच्यावरची बारीक कुसळे अंगाला लागली की माणूस खाजवून बेजार होतो. हिमालयातील बिच्छू घासही असाच झोंबतो. तो मेंदूला उपकारक असल्याचे सांगितले जाते, परंतु माणसांवरील चाचण्यांतून ते सिद्ध झालेले नाही. खाजकुइलीचे मात्र वेगळे आहे. तिचे औषध कुसळांत नसून बियांत आहे. आयुर्वेदात तिला कपिकच्छू किंवा आत्मगुप्ता म्हणतात.

कंपवातात मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. त्यामुळे हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात, हात कापतो. डोपामिन तोंडावाटे दिले तर ते मेंदूपर्यंत पोचत नाही. लेव्होडोपा पोचते आणि तेथे तिचे डोपामिन बनते. म्हणूनच या रोगावर तीच मुख्य गोळी आहे. हीच लेव्होडोपा खाजकुइलीच्या बियांत असल्याचे १९३७ साली मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी यांनी दाखवले. मुंबईचे डॉ. अशोक वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. १९९५ मध्ये बियांपासून केलेल्या औषधाची ६० रुग्णांवर १२ आठवडे चाचणी झाली व त्यांची लक्षणे कमी झाली. २००४ साली लंडनमध्ये आठ रुग्णांवर केलेल्या चाचणीत ३० ग्रॅमच्या मात्रेचा गुण गोळीपेक्षा लवकर आला.

मग अडचण कोठे आहे? बियांत खरोखरच औषध आहे, हीच अडचण आहे! झाडपाल्याने अपाय होत नाही, ही समजूत येथे चालत नाही. गोळी चालू असताना चूर्णही घेतले तर मात्रा वाढते. मळमळ होते, उभे राहताच रक्तदाब उतरून भोवळ येते, अंगाला अनावर हिसके बसतात, नाही त्या गोष्टी दिसू लागतात. शिवाय बियांतील लेव्होडोपाचे प्रमाण सारखे नसते. त्यामुळे एका चमच्यात किती औषध गेले ते घरी कळत नाही. गोळीत बहुधा कार्बिडोपाही असते. ती लेव्होडोपा वाटेत वाया जाऊ देत नाही. चूर्णात ही सोय नसते.

गोळी एकाएकी बंद करणे तर फारच धोक्याचे. अंग लाकडासारखे ताठ होऊन तीव्र ताप येऊ शकतो व जिवावर बेतू शकते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चूर्ण काय किंवा गोळी काय, दोन्ही लक्षणे कमी करतात. मरणाऱ्या पेशी त्यांनी वाचतात असे सिद्ध झालेले नाही. तेव्हा निरोगी माणसाने 'मेंदूच्या रक्षणासाठी' चूर्ण घेऊ नये. हात थरथरला म्हणजे कंपवातच असेही नाही. थायरॉईडच्या विकाराने किंवा काही औषधांमुळेही हात कापतो. आधी निदान करून घ्यावे. चूर्ण चालू असेल तर त्याची पुडी डॉक्टरांना अवश्य दाखवावी. रोजचे चालणे व व्यायाम सोडू नये. जेवणातील डाळ, दूध, अंडी यांमुळे गोळीचा गुण कमी होऊ शकतो, म्हणून गोळी जेवणापूर्वी घ्यावी की नंतर, हेही डॉक्टरांना विचारून ठरवावे.