सलाईनच्या थेंबांचे गणित

‘‘सिस्टर, बाटली कधीची लावलीय, अजून अर्धीही संपली नाही. जरा वाढवता का?’’ रुग्णालयाच्या कुठल्याही वॉर्डात हे वाक्य ऐकू येते. काही नातेवाईक तर सिस्टरची वाटही पाहत नाहीत. नळीवरचे छोटे चाक स्वतःच फिरवतात. सलाईन म्हणजे मीठपाणीच, लवकर गेले तर बिघडले कुठे, असा समज त्यामागे असतो.

प्रत्यक्षात सलाईन हेही औषधच आहे आणि ते किती वेळात द्यायचे, हा त्याच्या मात्रेचाच भाग असतो. डॉक्टर ‘500 मिली, 4 तासांत’ असे लिहितात. त्याचा थेंबांत हिशेब करायचे काम परिचारिकेचे. मोठ्या माणसांसाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक सेटमध्ये 20 थेंबांचे 1 मिली होते. म्हणजे 500 मिलीचे 10,000 थेंब. त्यांना 240 मिनिटांनी भागले की मिनिटाला साधारण 42 थेंब येतात. घड्याळ समोर धरून ती थेंब मोजते आणि चाक त्या वेगावर आणून ठेवते.

खरी मेख पुढेच आहे. प्रत्येक सेटचा थेंब सारखा नसतो. लहान मुलांसाठीच्या मायक्रोड्रिप सेटमध्ये 60 थेंबांचे 1 मिली होते. त्यामुळे तासाला 40 मिली द्यायचे असेल, तर मिनिटाला 40 थेंब पुरतात. तेच 40 थेंब मोठ्यांच्या सेटमधून सोडले, तर बाळाच्या शरीरात तासाला 120 मिली, म्हणजे तिप्पट द्रव जाईल. म्हणून थेंब मोजण्याआधी सेटच्या वेष्टनावरचा आकडा पाहावाच लागतो.

वेग वाढल्याचा फटका सर्वाधिक बसतो तो वृद्धांना, लहान मुलांना आणि हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना. जादा द्रव फुप्फुसात साचून धाप लागते. बाटलीत पोटॅशियम मिसळलेले असेल, तर हृदयाचे ठोके बिघडून जिवावर बेतू शकते. उलट, जुलाबाने कोरड्या पडलेल्या रुग्णाला सलाईन फार हळू गेले, तर रक्तदाब आणखी घसरतो.

एकदा लावलेला वेग तसाच टिकतो असेही नाही. रुग्णाने हात दुमडला, कूस बदलली किंवा बाटली खाली आली, की थेंब मंदावतात. यासाठीच परिचारिका पुन्हा पुन्हा येऊन पाहतात. इन्फ्युजन पंप असेल तर वेग यंत्र सांभाळते. तरी त्यात योग्य आकडा भरावा लागतो माणसालाच.

नातेवाईकांनी चाकाला हात लावू नये. नजर मात्र जरूर ठेवावी. सुईच्या जागी सूज किंवा दुखणे, थंडी वाजणे, खोकला, धाप यांपैकी काहीही दिसले किंवा थेंब थांबले, तर लगेच सिस्टरना हाक मारावी. बाटली लवकर संपली म्हणून रुग्ण लवकर बरा होत नाही.