छातीवरचा बिल्ला

आठवीत असताना वर्गप्रमुखाचा पितळी बिल्ला मला मिळाला. शाळेच्या नव्या खोलीसाठी आमच्या अडत दुकानातून देणगी गेली होती, हे साऱ्या वर्गाला ठाऊक होते. ज्याला तो मिळावयास हवा होता, तो मुलगा माझ्याच बाकावर बसे. सकाळी वर्तमानपत्रे टाकून शाळेत येई आणि गणितात कधी चुकत नसे. त्या दिवशी मी ऐटीत दुकानात गेलो. अण्णांनी खतावणीतून मान वर केली व विचारले, ''हा कशाबद्दल?'' मला उत्तर देता आले नाही. ते पुन्हा खतावणीकडे वळले. बिल्ला मात्र मी वर्षभर मिरवला.

पुढे बँकेत नोकरीला लागल्यावर एक गोष्ट अंगवळणी पडली : जमेच्या प्रत्येक नोंदीमागे पावती असावी लागते. बिल्ल्याची पावती कोणती, असा प्रश्न मग मनात येई.

स्काउट चळवळीने या प्रश्नाचा विचार आरंभापासून केलेला दिसतो. बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या ब्राउनसी बेटावर पहिली प्रायोगिक छावणी भरवली. वीसएक मुले होती. काही श्रीमंतांच्या नामवंत शाळांतील, काही कष्टकऱ्यांच्या घरची. प्रत्येकाला लिलीच्या फुलाच्या आकाराचा पितळी बिल्ला मिळाला, त्यात बापाची मिळकत पाहिली गेली नाही. त्याखाली लावावयाची 'तयार राहा' या बोधवाक्याची पट्टी मात्र गाठी मारणे, माग काढणे आणि राष्ट्रध्वजाची माहिती यांची परीक्षा दिल्यावरच लाभे. आपल्याकडे १९५० मध्ये स्थापन झालेल्या भारत स्काउट्स आणि गाइड्स संस्थेतही प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि अखेरीस राष्ट्रपती पुरस्कार अशी चढण आहे. पायरी गाळता येत नाही. (आमच्या काळी पदोन्नतीही अशीच असती, तर काही शाखाधिकारी आजही रोखपालच राहिले असते!)

परवा नातू आपले बिल्ले दाखवीत होता. अण्णांचाच प्रश्न मी त्याला विचारला. प्रथमोपचाराच्या बिल्ल्याविषयी तो भरभरून बोलला. त्रिकोणी पट्टीची झोळी कशी बांधावी, हे त्याने माझ्याच हातावर करून दाखवले. दुसरा बिल्ला चकचकीत, मोठा, सोनेरी होता. त्याविषयी विचारताच तो थोडा थांबला आणि म्हणाला, ''आजोबा, हा सगळ्यांनाच देतात.''