सनद एकच, पाट्या अनेक

“जिल्हा कोर्टातला साधा वकील नको, हायकोर्टाचा ॲडव्होकेट बघा.” छत्रपती संभाजीनगरात अदालत रोडवरच्या जिल्हा कोर्टातली फाइल जालना रोडवरच्या हायकोर्टाच्या खंडपीठाकडे निघाली, की हे वाक्य कुणीतरी टाकतंच. जोडीला व्हॉट्सॲपवरची उतरंड असते: सगळ्यात खाली लॉयर, त्याच्यावर ॲडव्होकेट, शेंड्यावर बॅरिस्टर, आणि मध्येच कुठेतरी लटकलेले सॉलिसिटर नि ॲटर्नी. स्पर्धा परीक्षेची पोरं ती पाठसुद्धा करतात. कशाला करतात, कळत नाही. आजच्या भारतात अशी उतरंड नाही.

1961 चा ॲडव्होकेट्स ॲक्ट उघडा. कलम 29 म्हणतं, वकिली करण्याचा हक्क असलेला वर्ग एकच, ॲडव्होकेट. म्हणजे आपला वकीलच. लॉयर हा नुसता बोलण्यातला शब्द. कलम 30 प्रमाणे राज्याच्या यादीत नाव असलेला वकील देशातल्या कोणत्याही कोर्टात उभा राहू शकतो. हे कलम पन्नास वर्षं कागदावर पडून होतं, 15 जून 2011 ला लागू झालं.

तरी पटत नसेल, तर स्वतःच्या दाव्यातलं वकीलपत्र काढून बघा. वर वेल्फेअर फंडाचं तिकीट, खाली वकिलाची सही, सहीजवळ सनदेचा, म्हणजे बार कौन्सिलच्या परवान्याचा, नंबर: आधी एमएएच, मग आकडा, मग वर्ष. एमएएच म्हणजे महाराष्ट्र. त्यात ना जिल्हा कोर्ट, ना हायकोर्ट. पाटीवरचं ‘हायकोर्ट’ हे पेंटरकडून रंगवून घेतलेलं असतं, बार कौन्सिलने दिलेलं नसतं. आणि गाऊन? तो हायकोर्टात आणि सुप्रीम कोर्टात सक्तीचा, खालच्या कोर्टांत ऐच्छिक. तोच वकील सकाळी जिल्हा कोर्टात नुसत्या कोट-बँडवर दिसतो आणि दुपारी खंडपीठात गाऊन चढवतो.

खंडपीठाखालच्या बारा जिल्ह्यांची रिट आणि अपिलं रोज चालवणाऱ्याचा त्या कामाला हात बसलेला असतो, हे खरंच. म्हणून त्याला जरूर गाठा. पण तो अनुभव झाला, पदवी नव्हे. फी ठरवताना हा फरक लक्षात असलेला बरा.

उतरंडीचा समज उगाच आलेला नाही, एवढं मान्य. इंग्रजी अमलात पायऱ्या खरोखरच होत्या: मुखत्यार, प्लीडर, हायकोर्टाचा वकील, बॅरिस्टर. मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडवर, म्हणजे तिथे थेट दाखल होणाऱ्या दाव्यांत, ॲटर्नीने कागद तयार करायचे आणि बॅरिस्टरने उभं राहून बोलायचं. बॅरिस्टर व्हायला लंडनच्या ‘इन्स ऑफ कोर्ट’ या चार संस्थांपैकी एकीत नाव घालावं लागे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1922 साली ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. 1981 च्या ऑगस्टमध्ये इथलं खंडपीठ सुरू झालं तेव्हाचे मुख्यमंत्रीही बॅरिस्टर अंतुलेच. पण तोवर बॅरिस्टर हा शब्द नावामागे लावण्याच्या मानापुरता उरला होता. कोर्टातला जादा हक्क 1961 च्या कायद्याने कधीच काढून घेतला होता. 1976 च्या दुरुस्तीने ॲटर्नी हा वर्गही संपवला. मुंबईत सॉलिसिटरची परीक्षा अजून होते, पण कोर्टात उभं राहायला लागते ती सनदच.

कायद्याने मानलेला मोठा फरक एकच आहे, सीनियर ॲडव्होकेट. हा मान हायकोर्ट किंवा सुप्रीम कोर्ट देतं, वयाने तो मिळत नाही. सीनियर ॲडव्होकेट स्वतः वकीलपत्र दाखल करू शकत नाही, त्याला सोबत दुसरा वकील लागतो. बार रूममधले ‘माझे सीनियर’ म्हणजे ज्यांच्या ऑफिसात ज्युनियर काम शिकतो ते. ते वेगळे. सुप्रीम कोर्टात वकिलामार्फत प्रकरण दाखल करायला मात्र तिथली परीक्षा पास झालेला ॲडव्होकेट-ऑन-रेकॉर्डच लागतो.

असे आणखीही काही गोंधळ आहेत. एलएल.बी.चा निकाल लागला की लगेच नावामागे ‘ॲड.’ लावणाऱ्यांनी थोडं थांबावं. आधी सनद.

मुखत्यारपत्र हातात असलेला भाऊ हा मुखत्यार, वकील नव्हे. कोर्टाने खास परवानगी दिली नसेल, तर तुमच्या वतीने बाजू मांडायला वकीलच लागतो.

नोटरीच्या शिक्क्याने फारकत होत नाही, लग्नही होत नाही. बाँडपेपर कितीचाही घ्या. नोटरी सही आणि शपथ प्रमाणित करतो, घटस्फोटाचा हुकूम देत नाही.

शेवटचा गोंधळ सगळ्यात महागात पडतो: “गरिबाला सरकारी वकील मिळतो.” फौजदारी खटल्यात सरकारी वकील आरोपीविरुद्ध, राज्याच्या वतीने उभा असतो. फिर्यादीचाही तो खासगी वकील नसतो. फुकट मिळतो तो विधी सेवा प्राधिकरणाचा वकील, 1987 च्या कायद्याखाली. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती आणि कोठडीत असलेले यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. फोनवर विचारायचं असेल तर 15100.