पाटणादेवीचे धबधबे: एका दिवसाची पायपीट

कुठे? जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर, सातमाळा-अजिंठा रांगेच्या पायथ्याशी. परिसर गौताळा औट्रमघाट अभयारण्यात मोडतो. स्थापना १९८६, क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर.

मुख्य धबधबे: केदारकुंड आणि धवलतीर्थ. दोन्हींकडे जंगलातून पायीच जावे लागते.

धबधबा का तयार होतो? हा डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा. कठीण बेसॉल्टखालचा मऊ थर आधी झिजतो, वरचा कातळ अधांतरी राहून तुटतो आणि उभा कडा उरतो. कड्यातळी पाण्याच्या माऱ्याने खोदला जातो तो डोह म्हणजे कुंड. रांजणखळगा वेगळा: भोवऱ्यात फिरणारे गोटे नदीच्या तळाशी कोरतात तो गोल खड्डा.

कधी? जुलै ते सप्टेंबर. हे ओढे पावसावर जगतात. उन्हाळ्यात कडे कोरडे पडतात.

वाटेवर: चंडिकादेवीचे मंदिर आणि यादवकालीन महादेव मंदिर. गणिती भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद येथील शिलालेखात आहे. खानदेशासाठी हा लेख अमोल आहे. वर डोंगरात पितळखोऱ्याची बौद्ध लेणी. सर्वांत जुनी इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातील.

धोक्याची खूण: नितळ ओढा अचानक गढूळ झाला, पाण्यातून पालापाचोळा व काटक्या वाहू लागल्या, की वर डोंगरात पाऊस झालेला असतो. सर्वांनी ताबडतोब पात्राबाहेर, उंचावर यावे.