फाइल आणि डिरेक्टरी : परवानग्यांचा अर्थभेद

युनिक्स प्रणालीचा आरंभ १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांच्या हातून झाला. एकच संगणक अनेकांनी वापरावयाचा, तर कोणाच्या फाइलला कोणी हात लावावा हे ठरविणे प्राप्तच होते. त्याकरिता मालक, गट व इतर असे तीन वर्ग आणि वाचन, लेखन व चालन अशा तीन परवानग्या तीत मानल्या आहेत. वाचनाचे मूल्य ४, लेखनाचे २ व चालनाचे १. त्यांच्या बेरजेने प्रत्येक वर्गाचा अंक सिद्ध होतो. ‘सीएचमॉड ६४०’ या आज्ञेने मालकास वाचन व लेखन, गटास केवळ वाचन मिळते; इतरांस काहीच मिळत नाही.

परंतु डिरेक्टरीच्या ठिकाणी याच संज्ञांचा अर्थ पालटतो. डिरेक्टरी ही वस्तुतः नावांची यादी होय. तिचे वाचन म्हणजे नावे पाहणे, लेखन म्हणजे नावे घालणे वा खोडणे, आणि चालन म्हणजे तिच्यातून आत जाणे. फाइल काढून टाकणे म्हणजे यादीतील नाव खोडणे. त्यास फाइलवरील नव्हे, तर डिरेक्टरीवरील लेखन व चालन यांची परवानगी लागते. संशोधनसामग्रीच्या फाइलला ४४४ देऊन निश्चिंत झालेल्या अभ्यासकाने डिरेक्टरी ७७७ ठेविली असेल, तर तेथवर पोचणारा कोणीही ती फाइल काढून टाकू शकेल. सर्वांना खुल्या असलेल्या ‘टीएमपी’ डिरेक्टरीस १७७७ देतात ते याचसाठी. आरंभीचा १ असता फाइलचा मालक, डिरेक्टरीचा मालक व प्रणालीचा प्रशासक यांच्याखेरीज कोणासही नाव खोडता येत नाही. म्हणून रक्षणाचा विचार फाइलपासून नव्हे, तिला धारण करणाऱ्या डिरेक्टरीपासून आरंभिला पाहिजे.